फोटोतली शेळी

कागद सगळे बरोबर होते, हीच पहिली शंका.
क्यूबचे रिपोर्ट अठ्ठावीस दिवसांचे, शिक्क्यासकट,
एकही आकडा घसरलेला नाही, एकही चढलेला नाही.
मी शाखा अभियंता, नोकरीचं तिसरं वर्ष,
काटेवडगावच्या शाळेत पहिलीच्या बाकावर गुडघे दुमडून
गुत्तेदाराची फाईल चाळत होते.
मन्मथआप्पा स्वतः हजर. चहा दोनदा झालेला.
"मॅडम, भूकंपाचा भाग हाय आपला.
सळईत आपुन हात आखडत नाही."

फोटो पाहिले.
खांबाचा पिंजरा उभा, कड्या चार-चार इंचांवर,
प्रत्येक कडीचं टोक आत मुरडलेलं,
पुस्तकातल्या आकृतीपेक्षाही देखणं.
मागे पत्र्याचं शेड. शेडपाशी एक शेळी,
डावा कान फाटलेला.

ती मला ओळखीची वाटली.
लग्नात कुणी दिसतं, नाव आठवत नाही,
पण कुठंतरी पाहिलंय हे जात नाही डोक्यातून, तसं.
संध्याकाळी ऑफिसात जुन्या फायली काढल्या:
आरोग्य उपकेंद्र. अंगणवाडी.
तोच पिंजरा, तेच शेड, तीच शेळी.
गावं तीस-तीस किलोमीटर लांब.
एवढ्या साइटवर तर आमचे साहेबही जात नाहीत.

दुसऱ्या दिवशी हातोडा नेला.
दारांच्या वरून काँक्रीटचा पट्टा गेलेला,
चारी भिंतींनी हलताना एकमेकींना धरून राहावं म्हणून.
एक ठोका. पोपडा पडला. मागे नुसती वीट.
पट्टा नव्हताच,
गिलाव्यानं काढलेलं पट्ट्याचं चित्र होतं.
गच्चीवर खांबांतून सळया वर आलेल्या,
उद्याच्या मजल्यासाठी.
एक धरून ओढली,
तर भिजल्या वावरातला मुळा यावा तशी हातात आली.
वीतभर.

खाली गाव जमलं होतं. कुणी बोलेना.
कासीमचाचा तांबोळी खाली वाकले,
पोपडा उचलून बोटांत चुरत म्हणाले,
"त्या राती आमच्यावर पडली ती दगडमातीच व्हती, बाई.
पन माती कधी म्हनली नव्हती
की मी सिमेंट हाय."

मग आप्पांनी फोन लावला, मग मला वरून फोन आला.
मी "हो सर" दोनदा म्हटलं
आणि पंचनामा लिहायला बसले.
शेळीसाठी रकाना नव्हता. "इतर" मध्ये लिहिली.

सगळे पांगल्यावर लिंबाजी मिस्त्री जवळ आला,
हाताचा चुना पँटीला पुसत.
"फोटूतला पिंजरा म्या बांधला. दोन दिस लागले.
आप्पा म्हनले, असा बांध की कुनी बोट ठिवू नये.
आता त्येंच्या शेडात हुबा ऱ्हातो.
नवं काम घावलं की पोरगं जातं, फोटू काढतं.
पूर्वी स्टुडिओत एकच कोट असायचा बघा,
सारा गाव त्यो घालून सायब व्हायचा,
तसं झालंय त्येचं.
सा वर्सं झाली, बाई.
घमेलंभर काँक्रीट पडलं न्हाई त्येच्यावर."
ही लाज होती की अभिमान,
मला तेव्हा कळलं नाही. अजूनही नक्की नाही.

आदेश निघायला आठ महिने लागले.
तोवर पोरं चिंचेखाली बसली.
जुने खांब फोडले, तेव्हा आतल्या कड्या
एकीला दुसरीची हाक ऐकू जाणार नाही इतक्या लांब.

पहिल्या खांबासाठी मी शेडातला पिंजरा मागवला.
लिंबाजीनं दिवसभर तारेच्या ब्रशनं गंज घासला,
दोन कड्या बदलल्या,
ओळंबा सोडून एक डोळा मिटून पाहिलं.
मी मोबाईल वर धरला. नियमच आहे, फोटो लागतो.
यात शेळी नव्हती.
मग फळ्या ठोकल्या. पहिलं घमेलं वर गेलं.

"आता दिसनार न्हाई कुनाला," तो म्हणाला,
आणि हसतच त्यानं व्हायब्रेटर चालू केला.